कड्याच्या रायफलीची किंमत

लोकांना एसी बंद पडला की घाम फुटतो, मला एसी बंद केला की फुटतो. काल सकाळी ह्यांनीच बंद केला. म्हणाले, "बघ गो, हवा कशी झालीय, खिडकी उघड." उघडली. इथे आखातात अल मजाजला तलावाकाठी राहतो म्हणून भाडं जास्त देतो आणि आमच्या खिडकीतून दिसतं समोरच्या टॉवरचं पार्किंग, पण वारा मात्र आला, खारट आणि गार. आठ महिने घरघरणारं ते यंत्र गप्प झालं आणि घर एवढं शांत झालं की नळाचा थेंब ऐकू यायला लागला. अख्खी बिल्डिंग खूष. खालच्या वसईच्या आंटीने बाल्कनीत रजया टाकल्या. खूष नाही ती मी एकटी. कारण थंडी आली म्हणजे ह्यांच्या दुकानाचा सीझन आला, आणि सीझन आला म्हणजे फोन वाजणार, आणि हे तोंडावर हात धरून पलीकडून कुजबुजणार, "वैशू, कितीची म्हणू?"

कितीची म्हणू! मी काय दुकान मांडून बसलेय?

ह्यांचं दुकान म्हणजे वाळवंटात तंबू ठोकायला जाणाऱ्या लोकांचं. पुढच्या बाजूला तंबू, कोळसा, घडीच्या खुर्च्या, किटल्या, बहिरी ससाण्याच्या डोळ्यावर घालायच्या चामड्याच्या टोप्या. थंडी पडली की इथले लोक वेडे होतात, गाडीवर लाकडं लादून निघतातच वाळूत. ते ठीक आहे. पण दुकानाच्या मागे एक लोखंडी दरवाजा आहे आणि त्या दरवाज्यामागे बंदुका. परवाना फक्त इथल्या नागरिकांना, प्रत्येक बंदुकीचा पोलिसांचा कागद, आणि मोबाईलने फोटो काढायला सक्त बंदी. नव्या बंदुकीवर किंमत छापलेली असते. जुनी विकायला आली की मात्र कोणीतरी तोंडाने किंमत सांगायची असते. आधी एक पठाण उस्ताद होते, ते सांगायचे. तीन वर्षांपूर्वी ते कायमचे गावी गेले. अरबाब, म्हणजे ह्यांचा मालक, ह्यांना म्हणाला, "संतोष, तेरा ससुर बंदूक का मिस्त्री था ना? यल्ला, आज से तू बैठ."

कारण नोकरीला लागताना ह्यांनी फुशारकी मारून ठेवलेली. माझे सासरे मिस्त्री, मला सगळं येतं. सासरे मिस्त्री होते ते खरं. ह्यांना काय येतं? ह्यांना तंबू येतो.

येतं ते मला. हे सांगायला मला काही अभिमान वाटत नाही, भीतीच वाटते. आमच्या तालुक्याच्या गावी बाबांकडे बंदूक दुरुस्तीचं लायसन होतं. एस.टी. स्टँडच्या मागे चार पावलांचं दुकान. डुकरं आणि वानरं शेतीत घुसतात म्हणून आमच्याकडे लोकांना बंदुकीचं लायसन मिळतं. भात पिकायला आलं की रांग लागायची, ठासणीच्या, एकनळी, दुनळी, सगळ्या गंजलेल्या, सगळ्यांना उद्याच हवी. बाबांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, बारीक दिसेना, तशी मी शाळेतून आले की वाटीत स्क्रू धरून बसायची, नंतर नळीत डोकावून सांगायची, नंतर नववीत शाळाच सुटली. परीक्षा भातकापणीत आली, आणि बाबा म्हणाले, एवढा सीझन काढ. तो सीझन काही संपला नाही.

म्हणून मला आजसुद्धा सीझन म्हटलं की राग येतो.

आणि त्याच सीझनला एक माणूस बंदूक घेऊन आला, म्हणाला रिकामी आहे. मी उचलली. नुसती उचलली. वर कौल फुटलं, माझ्या डोक्यावर माती आणि कानात शिट्टी, आणि फुटक्या कौलातून उन्हाचा एक गोल बाकावर पडला.  बाबांनी त्या दिवशी हत्यारं गुंडाळून ठेवली आणि मला घरी घेऊन गेले. त्यानंतर बंदूक धरायचे ते, मी हात न लावता नुसती बघून आणि ऐकून सांगायची. पण ते कौल त्यांनी कधी बदललं नाही. पावसाळ्यात खाली बादली ठेवायचे. कोणी आलं आणि म्हणालं "रिकामी आहे हो", की बाबा बोटाने वर दाखवायचे. बस. तेव्हापासून माझ्या तोंडात पहिलं वाक्य तेच. ह्यांचा फोन आला की हॅलो म्हणत नाही मी. "आधी रिकामी आहे का बघा," म्हणते.

तर तो तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा. आर्या केजीत, सोहम चार महिन्यांचा, माझी झोप नाही, डोळे जळायचे. अरबाबने ह्यांना आधीच सांगितलेलं, एक किंमत चुकली तर खलास, व्हिसा कॅन्सल. हे मला सहज सांगतात, जेवताना. सहज! व्हिसा कॅन्सल म्हणजे आम्ही चौघंही कॅन्सल. मी घास तसाच ठेवला. आणि वर म्हणतात, "तू आहेस की."

मी आहे की. फोटो काढायचा नाही, म्हणून हे फोन खिशात चालू ठेवायचे, आणि मी एका खांद्यावर पोर आणि दुसऱ्या खांद्यावर फोन घेऊन आवाजावरून बंदूक ओळखायची. आर्या पाय ओढायची. मी म्हणायची, बाळा गप्प, तुझ्या बाबांची रायफल ऐकू दे. ती म्हणायची, "मम्मा, धिस इज सो बोअरिंग." पुढच्या महिन्यात टीचरने मला विचारलं, घरी रायफल आहे का. काय सांगायचं?

एक दिवस ह्यांचा फोन आला तो वेगळ्याच आवाजाचा. हे खूष. "वैशू, वेगळीच आहे. खाली हाताला कडं आहे."

मी उभी होते ती बसले. कड्याची रायफल! ट्रिगरच्या भोवती लोखंडी कडं असतं, बोटं त्यात घालून ते पुढे ढकलायचं आणि मागे ओढायचं, की काडतूस आपोआप वर चढतं. बाबांकडे अशी एकच यायची, रिटायर झालेल्या एका फॉरेस्टवाल्यांची. ती आली की बाबा आधी हात धुवायचे.

"रिकामी आहे का बघा."

"बघितली."

"परत बघा. आता कडं हळू ओढा. फोन जवळ धरा."

खट. खटाक.

काय सांगू, अंगावर काटा आला. भीतीचा आणि दुसराही. आवाज घट्ट होता, कुठे खुळखुळ नाही. पुन्हा ओढायला लावलं. पोरगं मांडीवर, डोळे मिटून ऐकते आहे मी, कुकरच्या शिट्टीचा राग येतोय.

"स्क्रू बघा. डोक्यावरची खाच सरळ आहे की कुरतडलेली?"

"सरळ."

म्हणजे कोणी उघडलेली नाही. "नळीच्या मागे पांढरा कागद धरा आणि पुढून आत बघा. काय दिसतं?"

"कागद दिसतो."

"अहो, नळी कशी दिसते!"

"चकचकीत गो. तुझ्या आईच्या तांब्यासारखी."

"आणि लाकूड कसं आहे?"

"लाकडासारखं."

असा माणूस! मी कपाळावर हात मारला तर सोहम दचकून रडायला लागला. मग हळूहळू काढून घेतलं. मुठीपाशी चीर नाही. रंग काळपट. फक्त दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडावर, कोणीतरी खिळ्याने ओरखडे काढलेत.

"कसले ओरखडे?"

"अगो एक उभी काठी, वर दोन टिंबं, खाली आडवी रेघ. पोरांनी काढल्यासारखं."

आणि मी म्हटलं, "घासून टाका."

मीच म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही. आमच्याकडे हीच रीत होती. जुनी बंदूक विकायला आली की बाबा पहिलं तेच करायचे, पॉलिश पेपर, आधी जाडा मग बारीक, मग अळशीचं तेल तळहाताने जिरवायचं. ओरखडे दिसले की घेणारा म्हणायचा, ही पडलेली दिसते, आणि पाच हजार खाली यायचा. मी ह्यांना नंबर सांगितले पेपरचे. तेल कोणत्या रंगकामाच्या दुकानात मिळेल ते सांगितलं. आणि किंमत सांगितली, चार हजार दिरहॅम. म्हणजे ब्याण्णव हजार. ह्यांनी संध्याकाळी घरी येऊन हात दाखवले, तेलकट, पिवळे. "आरशासारखं केलंय," म्हणाले. हातांना तेलाचा तो वास, आणि मला एकदम बाबांचं दुकान, बादलीत टपटपणारं पाणी, बाबा जाऊन दोन वर्षं झालेली. मी ह्यांचा हात तसाच धरून बसले. आमचं काम किती चांगलं झालंय असं वाटलं मला. हेच आठवून अजून डोकं फिरतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. हे टॉयलेटमधून करत होते.

"वैशू, मालक आलाय तिचा. म्हातारा. त्याला दिसत नाही नीट. तो बोटाने शोधतोय."

"काय शोधतोय?"

"ते ओरखडे."

त्या म्हाताऱ्यांना सगळे अबू सालेम म्हणतात. डोळे गेले म्हणून रायफल पुतण्याला द्यायची होती. नुसती देऊन चालणार नव्हतं, पुतण्या फुकट घेणार नाही म्हणाला, आणि काका पुतण्याकडे तोंडाने पैसे मागणार नाहीत, पुतण्या काकांपुढे आकडा बोलणार नाही. म्हणून दुकानाने सांगायचा. दुकान जे बोलेल ते दोघांना मान्य. एवढा विश्वास टाकून ठेवून गेलेले. आणि ते ओरखडे नव्हतेच. ती त्यांच्या घराण्याची खूण होती, उंटाच्या मानेवर डागतात ती. त्यांच्या वडिलांनी काढलेली.

"अरबाब काय म्हणतो?"

"अरबाब माझा पासपोर्ट कुठे आहे विचारतोय."

मला पुढचं नीट आठवतही नाही. सोहमला पोटाशी बांधलं, आर्याच्या पायात एक बूट एका जोडीतला, एक दुसऱ्या, आणि टॅक्सी. अठरा दिरहॅम झाले, म्हणजे चारशेच्या वर, आणि प्रत्येक सिग्नलला मी मनात बॅगा भरते आहे. कुकर कोणाला देऊ. आर्याच्या शाळेची फी परत मिळेल का. गावी कुठल्या तोंडाने जाऊ. आर्या विचारतेय, "आर वी गोइंग टु द बीच?" आणि मला तिच्यावर ओरडायचंय आणि ओरडायलाही दम नाही.

दुकानात बाईमाणूस कोणी येत नाही. मी दारात उभी राहिले तर सगळे वळले. तंबूंच्या ढिगाशेजारी खुर्चीवर ते म्हातारबाबा बसलेले, अंगात पायघोळ पांढरा कंदुरा, मांडीवर रायफल. अंगठा लाकडावरून फिरवत होते. एकाच जागी. पुढे, मागे, पुढे. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसता अंगठा फिरवत होते.

मी म्हटलं, "गलती मेरी है." आणि थांबताच आलं नाही मला. सगळं सांगितलं, की ह्यांना काही येत नाही, किंमत मी सांगते फोनवर, घासायलाही मीच सांगितलं, आमच्या मुलखात असंच करतात, माझा बाप असंच करायचा, माफ करा, ह्यांना काढू नका. हे डोळ्यांनी मला गप्प बस म्हणत होते. अरबाब ह्यांच्याकडे असा बघायला लागला की खरंच खलास. इतक्या दिवसांची फुशारकी मी अर्ध्या मिनिटात संपवली.

अबू सालेमनी मान वर केली. आमच्या आजोबांच्या वयाचे इथले लोक हिंदी छान बोलतात. म्हणाले, "तुम जानता है बंदूक?"

"थोडा."

"तो अब बोलो. अब कितना?"

आणि रायफल पुढे केली. कौल फुटलं त्या दिवसापासून मी बंदुकीला हात लावला नव्हता.  आर्या ह्यांच्या पायाला चिकटली. मी आधी कडं उघडून आत बोट घालून बघितलं, रिकामी. परत बघितलं. म्हातारबाबा हसले जरा, पहिल्यांदाच. मग सगळं बघितलं, नळी, खाचा, मूठ. आणि लाकूड. ह्यांनी एवढं घासलेलं की त्या जागी खळगा पडला होता. ताज्या तेलाचा वास. बाबांचा वास. आणि पहिल्यांदाच मला तो नकोसा झाला.

सगळं बाकी कालच्यासारखंच होतं. गोळी तशीच जाणार होती. चार म्हणता आलं असतं. चार म्हटलं असतं तर पुतण्याने चार मोजले असते आणि अरबाबही गप्प झाला असता.

मी म्हटलं, "तीन हजार. एक हजार हमने घिस दिया."

अरबाब "मदाम!" म्हणून ओरडला. हे भिंतीकडे बघायला लागले.

अबू सालेम पुतण्याकडे वळले. पोरगाच तो, चकचकीत गाडीची चावी बोटात फिरवत उभा. अरबीत काहीतरी विचारलं. त्याने खांदे उडवले. मग मला म्हणाले, "इसको मालूम नहीं निशान कैसा था. इसका दादा का निशान. इसने देखा ही नहीं कभी." ते दुकानातल्या सगळ्यांवरच वैतागले होते, पण त्या पोरावर सगळ्यात जास्त.

माझ्या तोंडून निघून गेलं, "एक काठी, उपर दो टिंबे, नीचे आडी लकीर."

"तुमने देखा?"

"नहीं. इन्होंने फोन पे बताया."

म्हातारबाबांनी मग पुतण्याच्या हातातली चावी घेतली, त्याच्याच हातात परत दिली, त्याचं बोट धरून लाकडावर टेकवलं. आणि त्या कालच्या तेल लावलेल्या, आरशासारख्या लाकडावर त्या पोराने गाडीच्या चावीने ओरखडा काढायला सुरुवात केली. करर्र. मला कानात बोटं घालावीशी वाटली. मिस्त्रीची पोरगी मी, मला ते बघवेना. काठी वाकडी गेली. टिंबं लहानमोठी. आडवी रेघ घसरली. काका अंगठ्याने बघत होते आणि मान हलवत होते.

मग मला म्हणाले, "अब? अब कितना?"

सगळे माझ्याकडे. अरबाबने तर चार बोटं दाखवली, हळूच, कमरेपाशी. मला कळत होतं काय म्हणायचं आहे ते. सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण मी अंगठा लावला त्या खुणेला आणि तिची धार बोटाला टोचली. घासून टाकलेल्या त्या जुन्या खुणेची धार टोचली नसती. मला रडायला यायला लागलं, ह्या माणसांना मीच कशी सापडले, एवढ्या मोठ्या शहरात एक रायफल बघणारा पुरुष नाही का, असंही वाटलं.

"तीन," मी म्हटलं. "नया है ये. पुराना नहीं हुआ अभी."

ते हसले. दात नव्हते फार. अरबाबला अरबीत काहीतरी म्हणाले आणि मग माझ्यासाठी हिंदीत, "अगली बार भी यही बोलेगा. इसका मर्द नहीं. ये." पुतण्याने तीन हजार मोजले. ह्यांची नोकरी राहिली. त्या सीझनचं कमिशन मात्र गेलं सगळं, तो एक हजार म्हाताऱ्यांना अरबाबने तिथूनच भरून दिला. घरी येताना टॅक्सीत हे म्हणाले, "चार म्हटलं असतंस तर?" मी आर्याच्या पायातले ते चुकलेले बूट काढायला लागले.

तेव्हापासून मी दुकानाची बिनपगारी उस्ताद आहे. फोन चालू ठेवायची चोरी नाही आता, अरबाब स्वतःच स्पीकर लावतो. दिवाळीला ड्रायफ्रूटचा डबा पाठवतो, त्यात मनुका जास्त. सोहमला ताप असला तरी फोन, फोडणी जळत असली तरी फोन. आर्या आता सात वर्षांची आहे, तीच उचलते आणि म्हणते, "मम्मा, युवर गन पीपल." शेजारी ऐकतात! कितीदा सांगितलं हळू बोल. आणि भीती गेली का, तर नाही. खट म्हटलं की अजून मान आपोआप वर जाते, इथल्या सिमेंटच्या छताकडे, जिथे कौलच नाही.

आज दुपारी वाजलाच. एसी बंद होऊन दोन दिवस नाही झाले. माझे हात पिठात.

"आधी रिकामी आहे का बघा."

"बघितली. वैशू, कड्याची आहे."

"कोणाची?"

"ओळख. दस्त्यावर काठी, दोन टिंबं, आडवी रेघ. वाकडी."

मी पोळी तव्यावर तशीच सोडली. "पुतण्या विकतोय?"

"नाही गो. तेलपाणी करायला आणलीय, सीझनच्या आधी. काका बाहेर गाडीत बसलेत, ते उतरत नाहीत हल्ली. त्यांनीच ह्याला आत पाठवलंय. म्हणाले, त्या बाईला फक्त विचार, अब कितना."

"लाकडाला हात लावलात का तुम्ही?"

"देवाशपथ नाही!"

"आता लावा. अंगठा फिरवा त्या रेघेवरून. टोचते?"

  पोळी करपल्याचा वास आला आणि मी हलले नाही.

"नाही टोचत," हे म्हणाले. "गुळगुळीत झालीय गो. रोज हात फिरवल्यासारखी."

"मग चार सांगा," मी म्हटलं. "आणि येताना खुबूस घेऊन या. माझी पोळी जळली."